हिंदेलोपनमधलं मागचं छोटं घर नेमकं कुणाचं होतं?

कृष्णाकाठ | मंगळवार रात्री

नमस्कार. आम्ही युट्रेक्टला राहतो. आई-बाबा सांगलीहून आलेत. आम्सटर्डॅम, द हेग बघून झालं, म्हणून आता शनिवारपर्यंत फ्रीसलँडमध्ये सुट्टीचं घर भाड्यानं घेतलंय. गाव हिंदेलोपन, आयसेलमेर तळ्याच्या काठावर. रस्ते इतके अरुंद की गाडी गावाबाहेर ठेवून सामान हातगाडीवरून आणलं.

रस्त्याच्या बाजूला विटांचं, उंच खिडक्यांचं मोठं घर आहे, त्यात मालक राहतात. शेजारच्या बोळातून मागे गेलं की पाण्याच्या कडेला आमचं घर. खाली एकच खोली, वर माळा. भिंतीत कपाटासारखी दारं, ती उघडली की आत बिछाना. बाबांचे पाय त्यात पुरत नाहीत, तरी ते तिथेच झोपतात. चुलीच्या जागेभोवती निळ्या-पांढऱ्या टाइल्स, प्रत्येकीवर वेगळं चित्र.

टेबलावर माहितीचं पत्रक ठेवलंय. त्यात घराच्या इतिहासाची एकच ओळ: "मागचं घर पूर्वी नोकरांसाठी होतं." आईला हे अजिबात पटलेलं नाही. ती म्हणते, नोकरांच्या खोलीत असल्या टाइल्स कोण लावील? आणि मोठ्या घराकडे बघणारी खिडकीसुद्धा नाही, मग हाक मारली तर ऐकू कशी जायची? शेजारच्या आजोबांना मी विचारलं. त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं आणि "लिकहूस, लिकहूस" असं दोनदा सांगितलं. पुढचं त्यांच्या भाषेत होतं, ते मला कळलं नाही. माझं डच बेताचंच आहे, पण ते डच नव्हतं एवढं नक्की.

इथल्या कुणाला माहीत आहे का? बाबांचाही एक प्रश्न आहे. गावभर जहाजांची चित्रं आहेत, पण समोर आहे ते गोड्या पाण्याचं तळं. मग ही जहाजं जायची कुठे?

वखारीमागची | बुधवार सकाळी

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बरोबर ओळखलं. ते नोकरांचं घर नव्हतं. ते त्या मोठ्या घराच्या मालकिणीचं घर होतं.

मी सोळा वर्षं वोर्कुमला राहते, तुमच्यापासून सायकलवर अर्ध्या तासाच्या आत. लिकहूस म्हणजे जहाजाच्या कप्तानाच्या घरामागचं छोटं घर. हिंदेलोपनचे पुरुष कप्तान होते. सतराव्या आणि अठराव्या शतकात आम्सटर्डॅमच्या व्यापाऱ्यांची जहाजं घेऊन ते बाल्टिक समुद्रात आणि नॉर्वेला जायचे. येताना राय, गहू, दोरखंडासाठीचा हेंपचा धागा, डांबर, इमारती लाकूड आणायचे. हिंदेलोपनचं स्वतःचं बंदर लहान. मोठी जहाजं आम्सटर्डॅमलाच थांबायची. हिवाळ्यात बाल्टिक गोठतो, म्हणून वसंतात निघायचं आणि शरद सरताना परतायचं. मधले सगळे महिने गावात बायका, मुलं आणि म्हातारी माणसं.

नवरा निघाला की बायको मुलांना घेऊन मागच्या लिकहूसमध्ये राहायला जायची. मोठं घर झाडून, पुसून, बंद. तिथली चिनी मातीची भांडी, रंगवलेलं लाकूड, पितळ सगळं जागच्या जागी. तो परत आला की पुन्हा सगळे पुढच्या घरात. म्हणजे तुमचं हे एका खोलीचं घर वर्षातला अर्धा काळ तरी कुटुंबाचं खरं घर होतं. स्वयंपाक इथे, आजारपण इथे, पोरांचं शिकणं इथे. नवरा सुखरूप असल्याचं पत्र आलं तर तेही याच टेबलावर उघडलं जायचं, आणि नसल्याचं आलं तर तेही. त्या पत्रकातली 'नोकरांसाठी' ही ओळ वाचून मला फार वाईट वाटलं. ज्या बायकांनी हे गाव उन्हाळ्यामागून उन्हाळे चालवलं त्यांचं नाव तसंही कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. निदान त्यांची खोली तरी त्यांची राहू दे. मालकांना नीट सांगा, ती ओळ बदलून घ्या.

आजोबा बोलले ती भाषा हिंदेलोपनची. इथली बोली फ्रीजियनमध्येही, म्हणजे फ्रीसलँडच्या भाषेतही, वेगळी पडते, माझ्या वोर्कुमच्या सासूबाईंनासुद्धा ती सगळी समजत नाही. हिंदेलोपनला ते स्वतः 'हिलपन' म्हणतात. आणि त्यांच्यासमोर 'गाव' म्हणू नका हं. वस्ती हजाराच्या आत असली तरी हे 'शहर' आहे. शहराचे हक्क १२२५ चे मानतात. फ्रीसलँडमधली जी अकरा शहरं, त्यातलं हे एक.

आता मला जे खरं सांगायचंय ते. उद्या आईंना इथल्या संग्रहालयात घेऊन जा. चर्चजवळ, जुन्या नगरगृहात आहे. तिथे बायकांचा जुना पोशाख आहे, त्यातल्या लांब, पुढून उघड्या, घोट्यापर्यंतच्या झग्याला 'वेंत्के' म्हणतात. तो कापडाजवळ जाऊन बघायला सांगा. ते कापड आपल्याकडचं आहे.

डचमध्ये त्याला 'सित्स' म्हणतात. आपण 'चीट' म्हणतो. शब्दसुद्धा तोच, बोटीतून गेलेला. माझी आजी 'चिटाचं पोलकं' म्हणायची, आणि पहिल्यांदा लेवार्डनच्या फ्रीस म्युझियममध्ये पाटीवर 'सित्स' वाचलं तेव्हा मी मोठ्यानं 'चीट!' म्हणाले होते. तिथला चिटांचा संग्रह फार मोठा आहे, २०१७ साली त्यांनी फक्त चिटांचं एक प्रदर्शन भरवलं होतं. मी तीनदा गेले.

हे कापड कोरोमंडल किनाऱ्यावरचं. मछलीपट्टण, पुलिकत, नागपट्टण या बाजूचं. डच ईस्ट इंडिया कंपनीनं पुलिकतला १६१३ मध्ये किल्ला बांधला आणि नागपट्टण १६५८ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलं, त्यात कापडाचा मोठा वाटा होता. आता ते कसं बनायचं ते ऐका, कारण आईंना यातली एकेक वस्तू घरातली वाटेल. सुती कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात भिजवायचं. दुधातल्या स्निग्धपणामुळे रंग फुटून पसरत नाही. मग लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला काळा रंग कलमानं ओढायचा, ती चित्राची कड. जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी कलमानं भरायचं आणि सगळं कापड 'चाय' नावाच्या (चहाच्या नव्हे) झुडपाच्या मुळीत उकळायचं. तुरटी लागलेल्या जागीच लाल धरतो. उरलेला रंग शेणाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून काढायचा. निळ्यासाठी उलटं. जिथे निळा नको तिथे मेण लावायचं, कापड निळीच्या हौदात बुडवायचं आणि नंतर मेण उकळून काढायचं. शेवटी खळ देऊन शिंपल्यानं घोटायचं, म्हणजे चकाकी येते. एका झग्याच्या कापडामागे इतके दिवस, इतके हात.

युरोपात तेव्हा पक्के, धुतले तरी न जाणारे इतके रंग सुती कापडावर कुणाला जमत नव्हते. फ्रान्सनं १६८६ मध्ये चिटांवर बंदी घातली, इंग्लंडनं १७०० मध्ये आणि पुन्हा १७२१ मध्ये, कारण त्यांच्या लोकर-रेशमाच्या धंद्याला फटका बसत होता. नेदरलँड्समध्ये बंदी कधी आलीच नाही. म्हणून पॅरिसमध्ये जे चोरून नेसावं लागायचं ते हिंदेलोपनची कप्तानीण उघड घालून रविवारी चर्चला जायची. नवऱ्यानं ते आम्सटर्डॅमला विकत घेतलेलं असायचं. मोठमोठे पलंगपोसही यायचे, मधोमध फुलांनी लहडलेलं झाड असलेले. इंग्रजीतला त्याचा शब्दसुद्धा आपल्या 'पलंगपोस'वरूनच गेलाय.

आणखी एक. लाल चीट आनंदाची, निळी-पांढरी दुःखाची. घरातलं कुणी गेलं की निळं. चौकटीच्या कापडाचंही तसंच, ते तर 'ओस्टइंडिस' नावानंच ओळखलं जायचं. कप्तानांच्या गावात निळं किती वेळा काढावं लागत असेल याचा विचार केला की मी त्या काचेसमोर फार वेळ उभी राहू शकत नाही.

माझं आयडी बघून कुणी विचारतं, म्हणून सांगून टाकते. मी वेंगुर्ल्याची. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशी डच वखार आहे, आता नुसत्या भिंती आणि त्यांच्यात शिरलेली मुळं. १६३७ मध्ये डचांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी घेऊन ती सुरू केली. गोव्याच्या तोंडाशी पोर्तुगीजांना अडवून ठेवायला त्यांना जवळचं ठिकाण हवं होतं. चिटांचा मुख्य बाजार वेंगुर्ल्यात नव्हता, तो पूर्व किनाऱ्यावर होता, त्यामुळे उगाच नातं जोडत नाही. पण लहानपणी त्या भिंतींवर चढताना मला वाटायचं, हे लोक आले कुठून आणि यांच्या घरी कोण होतं? ते आता मला रोज दिसतं.

पाणीपातळी | बुधवार दुपारी

वरचा प्रतिसाद उत्तम. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, माझं काम पाण्याच्या खात्याशी निगडित आहे.

समोरचं तळं १९३२ पर्यंत समुद्र होता. नाव झाउदरझे, म्हणजे दक्षिणेचा समुद्र. खारं पाणी, भरती-ओहोटी, हेरिंग आणि अँचोव्हीची मासेमारी, सगळं. जानेवारी १९१६ मध्ये वादळी भरतीनं आसपासचे बांध फोडले, पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली, आणि १९१८ मध्ये समुद्र बंद करण्याचा कायदा झाला. योजना कोर्नेलिस लेली यांची, ते स्वतः इंजिनियर आणि मंत्री. ३२ किलोमीटरचा बांध, आफस्लाउटडाइक. शेवटची फट २८ मे १९३२ ला बुजवली. लेली १९२९ मध्येच वारले, त्यांना ते बघायला मिळालं नाही. नद्यांचं पाणी आत येत राहिलं, खारं पाणी बाहेर सोडलं गेलं आणि काही वर्षांत पाणी गोडं झालं. हेरिंग गेला, ईल राहिला.

काकांना संध्याकाळी बंदरावर न्या. तिथे १६१९ चं स्लूसवाल्याचं, म्हणजे पाण्याचा दरवाजा सांभाळणाऱ्याचं, घर आहे, वर छोटा लाकडी घंटामनोरा. त्याच्याजवळ एक बाक आहे, त्याला 'थापांचा बाक' म्हणतात. म्हातारे खलाशी तिथे बसून समुद्रातल्या गोष्टी सांगायचे. तिथून बांधाची उंची बघा. गावाची छपरं आणि पाणी यांच्यामध्ये तेवढंच आहे. आफस्लाउटडाइक व्हायच्या आधी प्रत्येक मोठ्या वादळात सगळा भार याच बांधावर यायचा. तुमच्या लिकहूसमधल्या बाईनं रात्री वाऱ्याचा आवाज ऐकला की तिला दोन काळज्या असणार. एक दूर बाल्टिकमधली आणि एक दाराबाहेरची.

अकरा शहरांवरून: थंडी पुरेशी पडली तर या अकरा शहरांतून बर्फावरून जवळजवळ २०० किलोमीटर स्केटिंगची शर्यत होते आणि ती हिंदेलोपनमधूनही जाते. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला झाली. त्यानंतर एकदाही पुरेसा बर्फ धरलेला नाही. गावात स्केटचं संग्रहालय आहे, वेळ असेल तर बघा.

कृष्णाकाठ | बुधवार रात्री

किती मनापासून लिहिलंत! आईला सगळं वाचून दाखवलं. शेणाच्या पाण्याजवळ ती म्हणाली, "थांब, परत वाच." मग म्हणाली, तिच्या आजोळी गोधड्यांना घालायचं जुनं लुगडं असंच शेणाच्या पाण्यात टाकून उन्हात ठेवायचे.

बाबांना आता या घरात राहिलेल्या कप्तानाचं नाव हवंय. मालकांकडे फक्त घराचं अंदाजे वय आहे, अठरावं शतक. नाव शोधता येईल का?

जुनी_दप्तरं | गुरुवार सकाळी

येईल, चिकाटी लागेल.

डेन्मार्कमध्ये हेल्सिंगोरजवळ सामुद्रधुनी अगदी अरुंद होते. बाल्टिकमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजाला तिथे डॅनिश राजाचा कर भरावा लागायचा. कप्तानाचं नाव, तो कुठल्या गावचा, कुठून कुठे चाललाय, काय माल, किती कर: सगळं वहीत. १४९७ ते १८५७ च्या या वह्या आहेत, मधली काही वर्षं गहाळ. ग्रोनिंगन विद्यापीठ आणि लेवार्डनचं अभिलेखागार त्रेसोआर यांनी त्या संगणकावर आणल्या, सुमारे १८ लाख फेऱ्या. गावाच्या खान्यात हिंदेलोपन टाका. लिपिकानं ऐकू आलं तसं लिहिलंय, त्यामुळे स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी करून बघा.

अडचण नावांची आहे. १८११ मध्ये नेपोलियनच्या हुकमानं आडनाव नोंदवणं सक्तीचं झालं. त्याआधी फ्रीसलँडमध्ये बहुतेक जण स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लावायचे. आपल्यासारखंच, फक्त आडनावाशिवाय. 'यानचा शूर्ड' एकाच गावात चार निघतात. म्हणून आधी घराची बाजू धरा. त्रेसोआरमध्ये घर-जमिनीच्या खरेदीच्या आणि कराच्या जुन्या नोंदी आहेत, त्यात घर कुणाच्या शेजारी हे लिहिलेलं असतं. तिथून नाव मिळालं की डॅनिश वहीत जा.

वखारीमागची | गुरुवार दुपारी

जुनी_दप्तरं, छान सांगितलंत. एक भर घालते. त्या डॅनिश वहीत बायको सापडणार नाही. तिच्यासाठी चर्चच्या नोंदी बघायच्या, बाप्तिस्मा आणि लग्नाच्या. १८११ नंतरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी 'आले फ्रीझन' नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. काकांना कप्तान शोधू द्या. तुम्ही आणि आई तिचं नाव शोधा, कारण तुम्ही झोपताय ते तिच्या घरात.

आणि हे सगळं संपलं कसं हेही सांगते, ते राहून गेलं. १७८० मध्ये इंग्रजांशी युद्ध लागलं आणि डच जहाजं पकडली जाऊ लागली. त्यातून सावरतात तोवर नेपोलियननं व्यापार बंद केला. कप्तानांची कुटुंबं मोडली, मोठी घरं विकली गेली, रंगवलेलं सामान व्यापारी गोळा करून घेऊन गेले. १८७७ मध्ये लेवार्डनच्या प्रदर्शनात हिंदेलोपनची एक सजवलेली खोली मांडली होती, पुढच्या वर्षी तशीच पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. जगानं वाहवा केली ती खोली पुढच्या घराची. मागच्या घराची खोली कुणी पॅरिसला नेली नाही. ती मात्र जागेवर उभी आहे आणि आज त्यात सांगलीचे काका-काकू राहताहेत, याचा मला फार आनंद आहे.

कृष्णाकाठ | शुक्रवार रात्री

संग्रहालयात जाऊन आलो. आई वेंत्केसमोर तासभर होती. तिनं चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, त्यामुळे तिनं फुलं नंतर बघितली, शिवण आधी. तिला दिसलं की बाही एका तुकड्याची नाही. वरून फुलांची वेल अखंड वाटते, पण जवळून बघितलं तर तुकडे जोडलेत, आणि वेल जुळावी म्हणून प्रत्येक तुकडा फिरवून बसवलाय. आईनं काचेबाहेरून मोजले, सात. ती म्हणाली, "हिनं कात्रण वाया घालवलं नाही. नवऱ्यानं आणलेलं महागाचं कापड, एवढंसं उरलं तरी ठेवलं असणार." त्यापुढे निळ्या चिटाचं बाळाचं झबलं होतं. ते बघून ती काही बोलली नाही. बाहेर आल्यावर बाकावर बसली आणि मला म्हणाली, चल, घरी जाऊ. 'घरी' म्हणजे इथे, लिकहूसमध्ये.

बाबांना त्या डॅनिश वह्यांत हिंदेलोपनचे शेकडो कप्तान मिळालेत. पहाटे दोनपर्यंत बसले होते. आमच्या घराचा कोणता ते अजून नाही, त्यासाठी मी पुढच्या महिन्यात लेवार्डनला जाईन.

मालकांशी बोलले. त्यांनी हे घर सहा वर्षांपूर्वी घेतलं, पत्रकातली ओळ आधीच्या मालकांकडून तशीच आली होती. मीच नवीन मजकूर लिहून दिला तर छापतो म्हणाले. डचमध्ये लिहिलाय, पण चूक नको. वखारीमागची, तुम्ही तपासून द्याल का? आणि आईचा एक प्रश्न आहे: हे झगे धुवायचे कसे? पक्का रंग असला तरी खळ आणि घोटाई पाण्यात गेली की चकाकी जाणारच ना?

वखारीमागची | शुक्रवार रात्री

पाठवा, आजच बघते.

आईंना सांगा, चकाकी जाते, अगदी बरोबर. रंग राहतो, घोटाई जाते. म्हणून बाहेरचा झगा शक्यतो धुवायचाच नाही. आत धुण्यासारखे कपडे असायचे आणि घाम त्यांनी टिपायचा. जुन्या चिटांमध्ये जिथे अजून आरशासारखी चमक आहे तो तुकडा सहसा शिवणीत दुमडलेला असतो, उजेड आणि हात न लागलेला. शनिवारी निघण्याआधी वोर्कुमला माझ्याकडे या. माझ्याकडे एक छोटा तुकडा आहे, जुन्या बाजारात घेतलेला, तळहाताएवढा. त्याची एक कड अशी दुमडलेली आहे. आईंना हातात घेऊन बघता येईल.